पाचशे पौंड गवत

पाचशे पौंड गवत म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर घेत कमरेत वाकायचं, डाव्या मुठीत मावेल तेवढं गवत धरायचं आणि उजव्या हातातल्या विळ्याने कापायचं. मग ते पसरायचं, उलटायचं, वाळलं की भारे बांधायचे आणि डोक्यावरून वाहून न्यायचे. असं करत सव्वादोनशे किलो. 1945 साली डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारली मजुरांनी या पाचशे पौंडांना अडीच रुपये मजुरी मागितली. ती मिळेपर्यंत गवताला विळा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

आता हाच आकडा दुसऱ्या टोकाकडून बघा. तबेल्यातली दुभती म्हैस हिरवी वैरण आणि आंबोण सोडून दिवसाला सात-साडेसात किलो सुका चारा सहज खाते. म्हणजे पाचशे पौंड गवत हा एका म्हशीचा एक महिना झाला. अडीच रुपयांची ती मागणी मी आजवर इतिहासातली नोंद म्हणून वाचत आलो होतो. हा साधा भागाकार केला आणि त्या नोंदीतून एकदम गव्हाण दिसायला लागली, तिच्यावर वाकलेलं तोंड दिसायला लागलं. मुंबईतल्या चहाच्या कपापासून डहाणूच्या माळापर्यंत एक दोरी ताणलेली आहे, आणि तिची मधली गाठ म्हणजे म्हशीचं पोट.

वाणगाव या दोरीवरच आहे. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधलं हे स्टेशन. आज नाव निघतं ते मिरचीसाठी. पण पूर्वेकडे कासा, तलासरीच्या बाजूला सरकलं की भातखाचरांच्या वर डोंगरउतारांचे गवताळ माळ लागतात. मुंबईच्या तबेल्यांना लागणारा सुका चारा पिढ्यान्‌पिढ्या इथून गेला. त्या गवताचं दूध कसं होतं, हे नीट समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. अजूनही त्याचं आश्चर्य संपलेलं नाही.

सुरुवातच चकित करणारी आहे: म्हशीला गवत पचवता येत नाही.

गवताचा सांगाडा सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. आपल्या भातातला स्टार्चही त्याच मण्यांचा असतो, फक्त मणी ओवायची तऱ्हा वेगळी. तेवढ्या फरकाने सगळं बिनसतं. भाताची माळ आपण घटकाभरात सोडवतो. गवताची माळ सोडवणारी कात्री आपल्या शरीरात नाही, म्हशीच्याही नाही. हे काम ती दुसऱ्यांकडून करून घेते.

तिच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. शंभर लिटरहून अधिक मावेल एवढी ही पखाल. आत अंधार, प्राणवायू जवळजवळ नाही, ऊब 39 अंशांच्या आसपास. या ओल्या उबेत दर मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू राहतात. त्यांच्या जोडीला बुरश्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोहताना दिसणारे आदिजीव. या आदिजीवांची पहिली नोंद 1843 सालची, पण जिवाणूंचा खरा छडा लागायला पुढे शंभर वर्षं गेली. कारण ते हवेला शिवले की मरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी हवा न लागू देता त्यांना काचनळीत वाढवण्याची रीत बसवली आणि 1966 साली या अंधाऱ्या राज्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला.

हे जिवाणू गवताची माळ तोडतात, साखर स्वतः खातात आणि आम्लं बाहेर टाकतात. त्यांची ती टाकाऊ आम्लंच म्हशीचं अन्न. ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, कासेत जाऊन दुधातली स्निग्धता होतं. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करतं आणि त्या ग्लुकोजची कासेत दुग्धशर्करा होते. दहा लिटर दुधात सुमारे अर्धा किलो दुग्धशर्करा असते. ही साखर म्हैस खात नाही. ती तिच्या पोटात आणि यकृतात जवळजवळ सगळीच नव्याने घडते. शिवाय तीच साखर रक्तातलं पाणी कासेत ओढून घेते, त्यामुळे किती लिटर दूध निघणार हेही बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरतं. एक लिटर दुधासाठी कासेतून चार-पाचशे लिटर रक्त फिरतं. उभ्या उभ्या डोळे मिटून रवंथ करणारं ते संथ जनावर आतून किती कष्टतं याची बाहेर काही खूण नसते.

आणि प्रथिनं? तो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. कोटीपोटात वाढलेले जिवाणू चाऱ्याच्या लगद्याबरोबर पुढे सरकतात आणि चौथ्या, खऱ्या पोटात पोचले की म्हैस त्यांनाच पचवते. शेतकऱ्याने पीक घ्यावं तशी ती जिवाणूंची शेती करते आणि रोज कापणी करते. त्यासाठी तिच्या जठरात जिवाणूंचं कवच फोडणारं एक विकर भरपूर पाझरतं, लायसोझाइम. तेच विकर आपल्या अश्रूंत असतं, जंतूंपासून डोळ्यांचं रक्षण करायला. गाई-म्हशींमध्ये ते आम्लात टिकेल असं बदललं आणि पचनाच्या कामाला लागलं. 1987 साली संशोधकांनी दाखवलं की पाला खाणाऱ्या आपल्या हनुमान लंगुराच्या जठरातही या विकरात तसेच बदल झालेले आहेत. वडावरचं वानर आणि तबेल्यातली म्हैस यांचं नातं किती दूरचं! पण दोघांनीही पोटात जिवाणू पाळले, आणि निसर्ग दोन वाटांनी एकाच युक्तीपाशी पोचला.

हे कळलं की 'म्हशीला खायला घालणं' या शब्दांचा अर्थच पालटतो. गव्हाणीत टाकलेली वैरण आधी म्हशीची नसतेच, ती त्या जिवाणूंची असते. तबेल्यातल्या खाण्याच्या शिस्तीतला जवळजवळ प्रत्येक नियम इथूनच निघतो.

आधी आपल्या गवताचीच गोष्ट. गवत सर्वांत कसदार असतं ते फुलोऱ्यावर येण्याच्या सुमाराला. पण तेव्हा या पट्ट्यात पाऊस कोसळत असतो. कापलं तर वाळणार कुठे? ते कुजेल, बुरशी धरेल. पाऊस थांबून ऊन पडेपर्यंत गवत निबर झालेलं असतं, बी गळायला लागलेलं असतं. त्यातली प्रथिनं उतरून तीन-चार टक्क्यांवर येतात आणि काडीत लिग्निन भरतं, ते जिवाणूंनाही नीट फोडता येत नाही. कोटीपोटातल्या जिवाणूंना धड वाढायला चाऱ्यात सातेक टक्के तरी प्रथिनं लागतात. म्हणून नुसत्या वाळल्या गवतावर म्हैस पोट भरून उपाशी राहते: खाल्लेलं आत पडून राहतं, फोडणारे हात अपुरे पडतात, पोट रिकामं होत नाही, मग ती आणखी खातही नाही. सरकीची पेंड घातली की चित्र बदलतं. पेंडीतला नत्र जिवाणूंना मिळतो, ते वाढतात आणि त्याच निबर काडीतून जास्त काही काढून घेतात. भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करतात तीही याच हिशेबाने: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून हवाबंद झाकायचा आणि तीन आठवडे उघडायचा नाही. प्रमाण चुकलं किंवा युरिया नुसताच जनावराच्या तोंडी गेला तर विषबाधा होते, म्हणून हे काम शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावं.

पाचशे किलोच्या म्हशीला दिवसाला बारा ते पंधरा किलो कोरडा भाग पोटात जावा लागतो. हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्के पाणीच असतं, म्हणून पंचवीस किलो हिरवं टाकलं तरी हाती लागतात पाच किलो. बाकी सुक्या चाऱ्याची कुट्टी, आंबोण, खनिज मिश्रण, मीठ. शरीर राखायला दीड-दोन किलो आंबोण आणि वर दर दोन लिटर दुधामागे एक किलो, असा ठोकताळा चालतो. पाणी मात्र मोजून द्यायची गोष्ट नव्हे, ते दिवसरात्र समोर हवं.

पण ठोकताळा कागदावर असतो, आणि वैरण टाकतो तो माणूस. पाटीभर गव्हाचा भुसा आणि पाटीभर पेंड यांच्या वजनात मोठा फरक असतो. एक जण पाटी शिगोशीग भरतो, दुसरा काठाखाली ठेवतो. चार गडी असतील तर एकाच तबेल्यात चार तऱ्हेचे खुराक चालू असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. भिंतीला टांगलेला एक तोलकाटा आणि प्रत्येक पाटीवर रंगाने मारलेली रेघ, एवढ्याने जे साधतं ते महागड्या खाद्याच्या गोणीने साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी काय घालायचं यालाही कारण आहे. रिकाम्या पोटी भरमसाट आंबोण पडलं की स्टार्चवर जगणारे जिवाणू भराभर वाढतात, आम्ल साचतं आणि काडी फोडणारे जिवाणू मरायला लागतात. आधी चारा पडला तर म्हैस चावत राहते, तोंडात लाळ सुटते. ही लाळ दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाते आणि तिच्यात खायचा सोडाच विरघळलेला असतो, तोच आतलं आम्ल मारतो. दिवसातले सात-आठ तास चालणारा रवंथ ही आळसाची खूण मुळीच नाही. औषध घोटायचं काम चाललेलं असतं.

खाद्य बदलायचं तर दहा-पंधरा दिवसांत, थोडं थोडं. आतली जिवाणूंची वस्ती एका रात्रीत पालटत नाही. आता विचार करा, वखारीतली जुनी गंजी संपत आलीय हे आधी कोणाला कळतं? मालकाला नाही, हिशेबनिसालाही नाही. गंजीतून रोज भारा ओढणाऱ्याला कळतं. त्याने आठवडाभर आधी सांगितलं तर नवा चारा जुन्यात मिसळत नेता येतो. नाही सांगितलं, किंवा सांगायला गेल्यावर त्याच्यावर कोणी खेकसलं, तर एक दिवस अचानक सगळ्या म्हशींचं शेण पातळ होतं आणि दूध उतरतं. डॉक्टर येतो, औषधं येतात. पण बिघाड पोटात नसतो, बोलण्यात असतो.

तसंच शेणाचं. शेण फार सैल आहे की घट्ट गोळे पडलेत, त्यात न पचलेले दाणे दिसतात का. डाव्या कुशीतला खळगा भरलाय की खोल गेलाय. बसलेल्या म्हशींपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करतायत का. गव्हाणीत सकाळी थोडी वैरण उरलीय की तळ चाटूनपुसून साफ केलाय. ही सगळी अक्षरं पहाटे अंधारात लिहिली जातात आणि उजाडायच्या आत खराट्याने पुसली जातात. वाचतो फक्त खराटा मारणारा माणूस. त्याला वाचायला शिकवलं नाही, विचारलं नाही, तर तबेल्याला आपल्याच पोटाची खबर नसते.

मग येते धार. म्हशीचं दूध कासेत बारीक बारीक पिशव्यांत धरून ठेवलेलं असतं. सडावरच्या पोकळीत आयतं उतरलेलं फारच थोडं, गाईपेक्षाही कमी. पान्हा फुटायला मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं, ते रक्तातून कासेत पोचावं लागतं, तेव्हा त्या पिशव्या आवळतात. त्याचा जोर काही मिनिटांचाच. आणि त्याच वेळी कोणी काठी आपटली, ओरडलं, अनोळखी माणूस आडवा आला, तर ॲड्रिनलिन सुटतं आणि पान्हा अडतो. गवळी म्हणतात, म्हशीने दूध चोरलं. चोरत नाही ती, घाबरते. ऑस्ट्रेलियातल्या पॉल हेम्सवर्थ आणि ग्रॅहॅम कोलमन यांनी व्यावसायिक गोठ्यांमध्ये माणसांचं वागणं आणि गाईंची भीती दोन्ही मोजली. जिथे गाई माणसाला बिचकत होत्या, तिथे दूध कमी भरत होतं. शेपटी पिरगाळणं, ढोसणं, ओरडणं याचा हिशेब थेट कॅनमध्ये उतरत होता. आपल्याकडच्या जुन्या गवळ्याला हे सांगायची गरज नाही. तो आधी आंबोण पुढे ठेवतो, पाठीवर थाप मारतो, कास कोमट पाण्याने धुतो आणि मगच बसतो.

म्हणून दुधाच्या धंद्यात माणसं सांभाळणं हा जनावरं सांभाळण्याचाच भाग आहे. दोन धारांमध्ये जवळपास बारा तासांचं अंतर हवं, म्हणजे गड्याची झोप कायम तुकड्यांत. गावापासून दूर, तबेल्याच्याच माळ्यावर राहणारा तो माणूस थकलेला, चिडलेला असेल तर ते आधी म्हशीला कळतं. मजुरी वेळेवर देणं, झोपायला कोरडी जागा, आठवड्याची सुट्टी ही दानधर्माची कामं नव्हेत. सुट्टीमुळे हात बदलतो हे खरं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक रांगेची ओळख असलेली दोन माणसं तयार ठेवणं. आणि बक्षीस द्यायचंच तर नुसत्या लिटरवर देऊ नये. लिटरच्या मागे लागलेला माणूस घाई करतो, आंबोण वाढवतो, ऑक्सिटोसिनच्या सुईकडे वळतो. स्वच्छ दूध, कासेच्या दाहाशिवाय गेलेला महिना, वेळेवर ओळखलेला माज यांवर बक्षीस असावं.

आता पुन्हा त्या माळावर जाऊ. ऑक्टोबर हा विचित्र महिना. गवत कापायला ऊन मिळतं ते तेव्हाच, आणि भातही तेव्हाच पिकून उभं असतं. उशीर झाला तर गवताची नुसती काडी उरते, वणव्याचं भय वेगळंच. म्हणजे वर्षातले हे थोडेच दिवस असे, की जेव्हा मालकाला हातांची गरज सर्वांत जास्त. 23 मे 1945 रोजी झरीला वारल्यांची परिषद झाली, लाल बावटा आला, वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध माणसं उभी राहिली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी जमीनदाराकडे राबायचं, ती लग्नगड्याची रीत. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याच्या पुढे होते. पावसाळा सरला आणि गवताच्या दराचा संप सुरू झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या हजारो वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. पुढे जमीनदारांना मजुरीच्या मागणीपुढे झुकावं लागलं. गोदावरीबाईंनी हे सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्या पुस्तकाला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

1945 हे साल मला या पट्ट्यात जिकडेतिकडे भेटतं. त्याच वर्षी मुंबई सरकारची दूध योजना सुरू झाली आणि आणंदचं दूध रेल्वेने मुंबईला जाऊ लागलं. ती गाडी याच रुळांवरून, वाणगाव स्टेशन ओलांडून जात होती. पुढच्याच वर्षी खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध न घालण्याचा संप केला आणि त्यातून सहकारी संघ उभा राहिला, ज्याला आज आपण अमूल म्हणून ओळखतो. रुळाच्या एका टोकाला दुधाचा संप, वाटेत गवताचा. आणि त्याच 1945 मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर या बायकांनी शाळाच गुरांमागे नेली. तिचं नाव कुरणशाळा. चाऱ्याच्या मागे माणसाचं एक अख्खं बालपण खर्ची पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

मुंबईने नंतर म्हशींनाच गवताकडे न्यायचं ठरवलं. 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तिच्यामागची बुद्धी दारा खुरोडी यांची, 1963 साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे महामार्गालगतचा दापचरी दुग्ध प्रकल्प. मुंबईचे तबेले इथे आणायचे, पाणी मिळावं म्हणून कुर्झ्याला धरण बांधायचं. धरण झालं, गोठे उभे राहिले, पण मुंबईच्या म्हशी काही सगळ्या आल्या नाहीत आणि प्रकल्प हळूहळू ओसरला. जमीन, पाणी, गोठा एवढ्याने दूध होत नाही, पहाटे तीनला उठून गव्हाण झाडणारी, शेण बघणारी, हाकेसरशी म्हैस ओळखणारी माणसंही तिथे रुजावी लागतात.

ओळख मात्र खरोखर दोन्ही बाजूंची असते. सरावाच्या माणसाच्या हातातली आंबोणाची बादली वाजली की सडाला हात लागायच्या आधीच कित्येक म्हशी पान्हावायला लागतात. बादलीचा आवाज कानातून मेंदूत, मेंदूतून रक्तात, रक्तातून कासेत. बाहेर अजून अंधार असतो, गंजीवरच्या गवताला दवाचा वास येत असतो, आणि पहिली धार रिकाम्या भांड्याच्या तळावर वाजते.